इंधन संपते तेव्हा उंची कामी येते

छत्रपती संभाजीनगरहून लातूरकडे निघालेल्या एकइंजिनी, चार आसनी विमानाचे इंधन वाटेत संपले, तर ते दगडासारखे खाली कोसळेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात इंजिन बंद पडले तरी पंखांवरून वाहणारी हवा थांबत नाही. नाक किंचित खाली ठेवले की विमान उतारावरच्या सायकलीप्रमाणे उंची खर्चून वेग टिकवते. सेस्ना १७२ सारखे विमान ताशी सुमारे १२० किलोमीटर वेग राखून एक किलोमीटर उंचीच्या मोबदल्यात जवळपास नऊ किलोमीटर अंतर कापते.

ही उंची अर्थात खालच्या जमिनीपासूनची. वैमानिकासमोरचे उंचीमापक सहसा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते, आणि संभाजीनगरची धावपट्टीच मुळी ५८० मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे तबकडीवर १५०० मीटर दिसत असले, तरी हाताशी असतात सुमारे ९०० मीटर, म्हणजे वारा नसताना आठ किलोमीटर आणि जेमतेम चार मिनिटे. पलीकडचे बरे शेत गाठण्यासाठी नाक वर ओढण्याचा मोह याच चार मिनिटांत होतो, आणि तो घातक ठरतो: वेग घटतो, अंतर वाढण्याऐवजी कमी होते आणि एका मर्यादेनंतर पंखांची उचल अचानक ढासळते.

शेत निवडताना मराठवाड्यातील शेतकऱ्याला ठाऊक असलेल्याच गोष्टी पाहाव्या लागतात. ज्वारी काढलेले मोकळे रान चांगले, उसाचा फड वाईट. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत पुढचे चाक रुतून विमान उलटू शकते. सऱ्या आडव्या ओलांडण्यापेक्षा त्यांना समांतर उतरणे बरे. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. वाऱ्याची दिशा तर सर्वांत महत्त्वाची. ताशी ९० किलोमीटर वेगाने टेकणारे विमान ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यासमोर उतरले, तर त्याचा जमिनीसापेक्ष वेग ७० असतो, पाठीशी वारा घेतल्यास ११०. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढत असल्याने धडकेतला फरक जवळपास अडीच पटींचा होतो.

इंधन संपण्यामागेही अनेकदा वाराच असतो. या दोन शहरांतील हवाई अंतर साधारण २०० किलोमीटर आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाच्या विमानाला शांत हवेत जाऊन-येऊन दोन तास लागतात. ताशी ४० किलोमीटरचा वारा जाताना समोरून असेल तर ७५ मिनिटे, येताना पाठीशी असेल तर ५० मिनिटे. गेलेले सगळे परत मिळत नाही, पाच मिनिटे जास्तच लागतात. शिवाय लहान विमानांचे इंधनदर्शक काटे फारसे भरवशाचे नसतात, म्हणून उड्डाणापूर्वी पंखावरील झाकण उघडून, टाकीत खुणांची पट्टी बुडवून, ती किती ओली झाली हे डोळ्यांनी पाहण्याची जुनी पद्धत आजही पाळली जाते.