एक आडवी रेघ उडाली की शब्दच बदलतो

घरी फिश टँक आहे, म्हणून अमोनिया टेस्ट किटमधला इंग्रजी कागद वाचत होतो. त्यात लिहिलेलं, युनियनाइज्ड अमोनिया माशांना घातक. आता युनियन केलेला अमोनिया म्हणजे काय, मला कळेचना, मग ट्यूब पेटली की शब्द अन-आयोनाइज्ड आहे, म्हणजे आयन (विद्युतभार, म्हणजे चार्ज असलेला कण) न झालेला, फक्त मधला हायफन छापताना उडालाय. इंग्रजीत दोन्हीचं स्पेलिंग अक्षर न अक्षर सारखं!

आणि हा नुसता व्याकरणाचा प्रश्न नाहीये. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक अमोनियम आयन आणि दुसरा साधा रेणू, आणि त्या रेणूवर चार्ज नसल्यामुळे तो कल्ल्यांतून सहज आत शिरतो, मासे दगावतात ते मुख्यतः त्याच्यामुळे. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच या रूपात असतो, पीएच ८ झाला की साधारण ५ टक्के. माझं किट दोन्हींची बेरीज दाखवतं, म्हणजे तो एक शब्द नीट कळला नाही तर आलेल्या आकड्याचं करायचं काय?

रेघ उडते कशी, तर ओळ संपताना मोठा शब्द तोडायलाही सॉफ्टवेअर तीच रेघ वापरतं. नंतर पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की ओळीच्या टोकाची रेघ तोडण्यापुरती होती की शब्दाची स्वतःची, हे ओळखणं अवघड, मग बऱ्याचदा सरसकट काढून टाकली जाते. शब्द तोडतानाही अर्थ बघितला जात नाही. फ्रँक लियांगने १९८३ मध्ये स्टॅनफर्डला टेक या छपाई-प्रणालीसाठी मांडलेली पद्धत आजही वापरात आहे, ती अक्षरांच्या नमुन्यांवर चालते, उपसर्ग कुठे संपतो हे तिला ठाऊक नसतं.

मला सगळ्यात छळतो तो पर-आयोडिक ॲसिड. हे आयोडीनचं आम्ल, 'पर' म्हणजे आयोडिक ॲसिडपेक्षा ऑक्सिजन जास्त, पण स्पेलिंग हुबेहूब पिरिऑडिक टेबलमधल्या पिरिऑडिकचं, आणि इथे तर मुळात हायफन द्यायची पद्धतच नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लिव्हरच्या तुकड्यातलं ग्लायकोजन किंवा बुरशी गडद गुलाबी दिसावी म्हणून पीएएस स्टेन नावाची रंग देण्याची पद्धत वापरतात, त्यातला 'पी' म्हणजे हेच ॲसिड.

देवनागरीत आपण उच्चार लिहितो, त्यामुळे युनियनाइज्ड आणि अनआयोनाइज्ड लगेच वेगळे दिसतात. पण लिहिणाऱ्यानेच पिरिऑडिक वाचलं आणि 'आवर्ती आम्ल' असं भाषांतर केलं, तर वाचणाऱ्यासमोर मूळ स्पेलिंगच नसतं, मग त्यातलं आयोडीन त्याला सापडणार कुठून?