मटण पोट विसरत नाही

कोल्हापुरात रविवारी मटण शिजायला लागलं की सगळ्यात आधी निघते ती अळणी. हळद, मीठ, आलं-लसूण एवढ्यावर शिजलेल्या मटणाचं पाणी, तिखट पडायच्या आधीचं. लहान पोरांना आणि तापातून उठलेल्यांना पहिली वाटी हीच. मागच्या वर्षी ती वाटी माझ्या भाच्यापुढे आली. पुण्यात नोकरीला लागल्यापासून चार वर्षं तो व्हीगन होता. मटण-अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप, चहातलं दूधसुद्धा बंद. रक्त तपासलं तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. डॉक्टरांनी उपचार सुरू केले, आणि पठ्ठ्याने स्वतःहून ठरवलं की आता पुन्हा सगळं खायचं.

"आधी एवढं पी, पोटाला आठवू दे," आई त्याला म्हणाली.

अळणी छान पचली. मग तांबड्या रश्श्याच्या दोन वाट्या झाल्या, वर लाल तवंग तरंगणाऱ्या. संध्याकाळी पोट जड. रात्री आईने हळद घालून पेलाभर गरम दूध दिलं, आणि मध्यरात्री पोटात ढोल-ताशे. सकाळी घरात निकाल लागला होता: पोराला मटण सोसत नाही, पोटाची सवय मोडली. श्रावण पाळून झाल्यावर पहिल्या रविवारी जड जेवण झालं की हेच वाक्य घरोघरी ऐकू येतं.

पण पोट मटण विसरतं का?

मटण म्हणजे मुख्यतः प्रथिनं आणि चरबी. जठरातलं आम्ल प्रथिनांची घडी उलगडतं, पेप्सिन नावाचं पाचकद्रव्य त्यांचे तुकडे करतं आणि पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेलं ट्रिप्सिन ते आणखी बारीक करतं. हीच मंडळी तुरीच्या डाळीवर, राजम्यावर, टोफूवरही काम करतात. मटणासाठी वेगळी हत्यारं लागत नाहीत. चार वर्षं डाळ खाणाऱ्या माणसाचं पेप्सिन चार वर्षं रोज कामावर होतं. उलट शिजलेल्या मटणातली प्रथिनं डाळीतल्यांपेक्षा सोपी पचतात. कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ असतात, ते मोडायला कुकरच्या शिट्ट्या लागतात. 'मांस आतड्यात दिवसेंदिवस सडत पडतं' हेही खरं नाही. न पचता मोठ्या आतड्यात पोचतो तो बहुतांशी भाजीपाल्याचा चोथा, आणि तो तिथे हवाच असतो.

मग संध्याकाळचा जडपणा? त्यातला मोठा वाटा तवंगाचा. चरबी लहान आतड्यात उतरली की तिथून एक संप्रेरक सुटतं. ते पित्ताशयाला आकसायला लावतं आणि जठराला सांगतं, जरा दमानं सोड. म्हणून तेलकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. (इथलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, चरबी विरघळवणारा रस. आपण 'मला पित्त झालं' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा दोष आम्लाचा असतो.) आपल्याकडे मटण एकटं येत नाही. खोबरं, तेल, कट आणि नेहमीपेक्षा दोन भाकऱ्या जास्त असा सगळा लवाजमा असतो. अळणी सोसली आणि रस्सा सोसला नाही, यातच बरंचसं उत्तर आहे. शिवाय मटणाच्या नादात ताटातली उसळ आणि पालेभाजी गायब होते. मांसात तंतू शून्य, म्हणून दोन-तीन दिवसांनी बद्धकोष्ठ.

आहार बदलल्याची खरी जाणीव होते ती मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना. २०१४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात दहा जणांना पाच दिवस फक्त वनस्पतिज आणि वेगळे पाच दिवस फक्त प्राणिज आहार दिला होता. मांस, अंडी आणि चीज सुरू झालं, ते आतड्याच्या शेवटापर्यंत पोचलं आणि एका दिवसात जिवाणूंची वस्ती बदलू लागली. पित्ताला दाद न देणारे वाढले, भाजीपाल्यातली पिष्टं खाणारे घटले. त्या दहांत एक जन्माचा शाकाहारीही होता, त्याचीही वस्ती हलली. आणि प्रयोग संपल्यावर साधारण दोन दिवसांत सगळे मूळपदावर. म्हणजे आपल्या पोटातले भाडेकरू वर्षानुवर्षं एकाच घराला चिकटून बसत नाहीत.

मला याहून मजेशीर वाटतो तो २०१३चा अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधला प्रयोग. मांसात कार्निटिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्यापासून आतड्यातले काही जिवाणू एक वायू बनवतात, आणि यकृत त्याचं टीएमएओ नावाचं संयुग करतं. हा वायू तुमच्या ओळखीचा आहे, शिळ्या मासळीचा वास तोच. समुद्री माशांच्या अंगात टीएमएओ मुळातच असतं, मासा मेल्यावर जिवाणू त्याचा वायू करतात. लिंबू किंवा कोकम लावल्यावर वास दबतो, कारण आम्ल त्या वायूला बांधून ठेवतं. तर क्लीव्हलँडच्या संशोधकांनी पाच वर्षांहून जास्त काळ व्हीगन असलेल्या एका माणसाला सुमारे सव्वादोनशे ग्रॅमचा गोमांसाचा तुकडा खायला राजी केलं. नेहमी मांस खाणाऱ्यांच्या रक्तात टीएमएओ वाढलं, याच्या रक्तात जवळजवळ नाहीच. ते काम करणारे जिवाणू त्याच्या पोटात पुरेसे नव्हतेच. टीएमएओचा हृदयविकाराशी संबंध लावला जातो, त्यावर वादही आहेत. पण आपल्या मुद्द्यापुरतं पाहिलं तर या माणसाच्या पोटाला सवय नव्हती, आणि ती नसणं या बाबतीत तोट्याचं दिसत नाही.

आता बी-१२. हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत, प्राणीही नाहीत. ते बनवतात फक्त जिवाणू आणि त्यांचे सूक्ष्म भाऊबंद. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी प्राणघातक रक्तक्षयाच्या रुग्णांना रोज भरपूर कलेजी खाऊ घातली आणि माणसं उठून बसली. पुढे १९३४चं नोबेल त्या कलेजीलाच मिळालं म्हणायचं. कलेजीतला गुणकारी पदार्थ, म्हणजेच बी-१२, शुद्ध रूपात हाती लागला तो १९४८ साली. आपल्या यकृतात त्याचा साठा दोन ते पाच मिलिग्रॅम असतो, रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. म्हणून साठा संपायला वर्षं लागतात. भरायलाही वेळ लागतो, कारण एका जेवणातून नेहमीच्या वाटेने जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषलं जातं. रविवारच्या एका ताटाने चार वर्षांची खोट भरत नाही, गोळ्या किंवा इंजेक्शन डॉक्टर सांगतील तोवर घ्यावीच लागतात. आणि हा नुसता व्हीगन मंडळींचा प्रश्न नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांत बी-१२ कमी निघालं.

मनाचं काय? तिथे मात्र सवय खरोखर मोडते. वर्षानुवर्षं ज्याला अन्न मानलं नाही त्याचा वास नाकाला परका वाटतो. त्यात पहिल्याच दिवशी मळमळलं तर कठीण. १९५५ साली जॉन गार्सिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरांना गोड पाणी पाजून किरणोत्साराने आजारी पाडलं. पुढे ते उंदीर गोड पाणी टाळू लागले, पाण्याचा काही दोष नसताना. माणसाचंही तसंच होतं, एकदा ओकारी झाली की तो पदार्थ कित्येक वर्षं नको वाटतो. त्यामुळे पहिल्या दिवशी रश्श्याच्या दोन वाट्या म्हणजे स्वतःचा गार्सियाचा उंदीर करून घेणं.

राहिले मध्यरात्रीचे ढोल-ताशे. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज आपल्यापैकी अनेकांत बालपणानंतर कमी होतं. दूध प्यायलं किंवा सोडलं म्हणून ते वाढत-घटत नाही, जनुकांतच ठरलेलं असतं. तरी रोज दुधाचा चहा पिणाऱ्यांचं बरं चालतं, कारण मोठ्या आतड्यातले जिवाणू ती साखर पचवायला सरावलेले असतात. चार वर्षं दूध थांबलं की तो सराव जातो. मग अचानक पेलाभर दूध आलं की साखर आंबते आणि वायू धरतो.

भाच्याने पुढच्या वेळी अळणी-भात खाल्ला, रस्सा चमचाभर, दूध अजिबात नाही. शांत झोपला. आता महिन्यातून दोनदा मटण खातो, चहा कोराच पितो. आई अजून म्हणते, "मटण सोसत नाही रे तुला." आणि झोपताना हळदीचं दूध पुढे करते.