गुडघा बदलायचा, पण किती वर्षांसाठी?

पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर पूर्वी बीपी आणि शुगर हे दोनच हक्काचे विषय असत. आता गुडघेही आले आहेत. कुणी केले, एक केला की दोन्ही एकदम, पॅकेज कितीला पडलं आणि हल्ली हमखास निघणारा प्रश्न, ‘रोबोने केलं का?’ चौकाचौकातल्या होर्डिंगवरही तेच. त्या होर्डिंगवर एक गोष्ट मात्र मावत नाही. नवा सांधा वीस वर्षं टिकतो की नाही, हे कळायला वीस वर्षंच जावी लागतात. सांधेबदलाच्या इतिहासात जे जे फसलं, ते बहुतेक एवढं थांबायची तयारी नसल्यामुळे.

पहिला प्रयत्न १८९० चा. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक या सर्जनने हस्तिदंताचा बिजागरीसारखा गुडघा तयार करून रुग्णाला बसवला. कल्पना काळाच्या फार पुढची होती, पण रुग्ण निवडले ते क्षयाने सांधे सडलेले. अँटिबायोटिक्स यायला अजून अर्धं शतक होतं. जंतुसंसर्ग उलटला आणि ग्लुकला ते काम सोडावं लागलं. पुढे बोस्टनमध्ये स्मिथ-पीटरसनने १९२३ मध्ये खुब्याच्या गोळ्यावर काचेची टोपी चढवून पाहिली. काच फुटली. १९३८ पर्यंत तो कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूपर्यंत पोचला, आणि तो धातू आजही वापरात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी अ‍ॅक्रिलिकचा गोळा आणला. तो सुरुवातीला छान चाले, मग झिजे.

या ज्युडे गोळ्याचा एक रुग्ण जॉन चार्नली या इंग्लिश सर्जनकडे आला. जेवताना तो जरा पुढे वाकला की खुब्यातून कुरकुर ऐकू येई, इतकी की बायको उठून दुसऱ्या खोलीत जाई. एखाद्याने हसून सोडून दिलं असतं. चार्नलीने मात्र विचार केला की आवाज येतो म्हणजे घर्षण आहे, आणि घर्षण आहे म्हणजे आज ना उद्या सांधा सैल होणार. लँकेशायरमधल्या राइटिंग्टनच्या रुग्णालयात, जिथे आधी क्षयाचे रुग्ण असत, त्याने वर्कशॉप थाटलं. खुब्याचा गोळा मुद्दाम लहान ठेवला, २२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे घर्षणाचा जोर कमी पडेल. दंतवैद्यकात वापरतात त्या अ‍ॅक्रिलिक सिमेंटने तो हाडात पक्का केला. खालचा गोळा धातूचा, आणि वरची वाटी टेफ्लॉनची, कारण त्याहून गुळगुळीत पदार्थ तेव्हा माहीत नव्हता.

वर्षभर सगळं झकास. वेदना गायब, चाल सुधारलेली. मग दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याचा चुरा आजूबाजूच्या हाडामांसात शिरला, गाठी झाल्या, सांधे सैल झाले. जवळजवळ तीनशे रुग्ण होते. चार्नलीने ते सांधे स्वतः एकेक करून काढले. टेफ्लॉनचा चुरा शरीरात काय करतो हे पाहायला त्याने तो स्वतःच्या मांडीत घालून घेतला.

पुढची गोष्ट योगायोगाची. १९६२ मध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांना मागांची प्लास्टिकची चक्रं विकणारा एक विक्रेता वर्कशॉपमध्ये आला आणि पॉलिएथिलीनचा एक तुकडा ठेवून गेला. चार्नलीने त्याच्यावर नख रोवून पाहिलं, ओरखडा उठला, आणि त्याने तो विषय संपवला. त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तरीही, साहेब परदेशी गेले असताना, तो तुकडा झिजवायच्या यंत्रावर लावला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चाललं, तरी टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजे तितकंही हे झिजलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉलिएथिलीनची पहिली वाटी बसली. एकदा हात पोळलेल्या चार्नलीने मग काही वर्षं तो सांधा राइटिंग्टनला येऊन शिकलेल्या सर्जनशिवाय कुणाला मिळूच दिला नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये गाळलेली हवा सोडण्याची पद्धतही त्यानेच रुळवली आणि जंतुसंसर्ग शेकडा सात-आठवरून एकाच्या आसपास आणला. माझ्या मते या सगळ्या कहाणीत त्या वाटीइतकंच महत्त्व या हवेला आहे, फक्त तिची जाहिरात होत नाही.

गुडघा त्यामानाने उशिरा जमला. खुबा हा सरळ उखळीतला गोळा. गुडघा वाकता वाकता घसरतो, थोडा फिरतोही, म्हणून सुरुवातीचे साधे बिजागरी सांधे हाडातून उखडत. आज आपण पाहतो तो गुडघा १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आकाराला आला. इन्सॉल, वॉकर आणि चित्तरंजन राणावत ही त्यामागची तीन नावं. राणावत मध्य प्रदेशातले, इंदूरला शिकलेले. २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा त्यांनी मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला, पुढच्या वर्षी उजवा. आपल्याकडे या ऑपरेशनची भीड चेपली ती तेव्हा. पंतप्रधान करून घेतात म्हटल्यावर पेठांतल्या आजींचाही ‘या वयात कशाला’ हा सूर जरा नरमला.

पुण्याचं या विषयाशी नातं त्याआधीचं. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र इथे १९४४ पासून आहे. डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये अस्थिरोगासाठी रुग्णालय सुरू केलं, आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली ‘इंडस’ हा भारतीय बांध्याचा, जास्त वाकणारा आणि आयात सांध्यांपेक्षा स्वस्त गुडघा तयार झाला. त्यांना २०१२ मध्ये पद्मविभूषण मिळालं. अशा सांध्याची गरज का पडली, हे पुण्यातल्या कुठल्याही घरात कळेल. देवपूजा पाटावर, पंगत जमिनीवर, संडास भारतीय पद्धतीचा. पाश्चात्त्य सांधा खुर्चीतून उठण्यासाठी आणि जिन्यासाठी बनलेला. शिवाय आपल्याकडे, विशेषतः बायका, ऑपरेशनला येतात तेव्हा गुडघा आतल्या बाजूने पार झिजून पायाला बाक आलेला असतो, आणि हाडं लहान असल्याने परदेशी मापं बसत नाहीत. आणि खरं सांगायचं तर सांधा कितीही वाकणारा असला, तरी ऑपरेशनआधी गुडघा जेवढा वाकत होता त्याच्याच आसपास तो नंतर वाकतो. उकिडवं बसणं बहुतेक सर्जन टाळायलाच सांगतात.

मधल्या काळातला मोठा फटका धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यांचा. प्लास्टिक झिजतं ना, मग प्लास्टिकच नको, असा सोपा हिशोब होता, आणि तरुण रुग्णांना ते सांधे उत्साहाने बसवले गेले. डेप्यू कंपनीने आपला एएसआर हा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेतला. कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरत होते, आसपासचे स्नायू खराब होत होते. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसले होते. केंद्राने नुकसानभरपाईचं सूत्र ठरवलं तेव्हा २०१८ उजाडलं होतं. स्वीडनमध्ये गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ पासून आहे आणि खुब्यांची १९७९ पासून, इंग्लंडमध्ये २००३ पासून. कुठला सांधा लवकर निकामी होतोय, हे अशा वहीत आधी दिसतं. आपल्याकडे नोंद करणं सर्जनच्या मर्जीवर राहिलं.

या वह्यांचीच आकडेवारी एकत्र करून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जे आलं, ते प्रत्येक रुग्णाने विचारावं असं आहे. पंचवीस वर्षांनंतर पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी ८२ जागेवर होते, अर्ध्या बदललेल्यांपैकी ७०, आणि खुब्यांपैकी ५८. हे सांधे पंचवीस वर्षांपूर्वीचे, हे लक्षात ठेवायला हवं. १९९० च्या दशकाअखेर आलेलं जास्त टिकाऊ पॉलिएथिलीन त्यांत फारसं नाही. दुसरा आकडा कमी सांगितला जातो: गुडघा बदललेल्यांपैकी शेकडा दहा ते वीस जण नंतरही समाधानी नसतात. एक्स-रे उत्तम असतो, पण माणूस कुरकुरतच असतो.

रोबोचं काय? हाडकामात तो १९९२ पासून आहे, कॅलिफोर्नियात पहिला खुबा झाला तेव्हापासून. ऑपरेशन आजही सर्जनच करतो. यंत्र आखलेल्या रेषेबाहेर करवत जाऊ देत नाही. काप अचूक येतो, हे मान्य. त्यामुळे सांधा जास्त वर्षं टिकतो का, याचं ठाम उत्तर अजून हातात नाही. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालवतात ते श्रेय भूल, रक्तस्राव थांबवणारी औषधं आणि फिजिओचं जास्त आहे.

किमतीचं गणित ऑगस्ट २०१७ मध्ये बदललं. दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा सरकारने ५४,७२० रुपयांवर आणला. मर्यादा फक्त सांध्याला होती. थिएटर, खोली, सर्जनची फी हे पॅकेज ज्याच्या त्याच्या हातात राहिलं, म्हणून एकूण बिल त्या प्रमाणात खाली आलेलं दिसत नाही. त्याच आदेशात दुसऱ्यांदा बदलायच्या गुडघ्यासाठी १,१३,९५० रुपयांची वेगळी मर्यादा होती, आणि तिचा उपयोग आता वाढेल. वाजपेयींच्या काळात पन्नाशी-साठीत गुडघे बदललेले लोक आज पंचाहत्तरी ओलांडताहेत. जुना सांधा काढताना हाडही जातं, लांब दांड्याचा सांधा लागतो, आणि आधी काय बसवलंय हे कळावं लागतं. बसवलेल्या सांध्याच्या खोक्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेला स्टिकर असतो, तो रुग्णाच्या फाइलला चिकटवतात. ती फाइल घर बदलताना रद्दीत गेली असेल, तर एक्स-रेतल्या आकारावरून अंदाज बांधण्यापासून सुरुवात होते.