बलकाचा केशरी रंग मुख्यतः किड्यांमुळे येत नाही

पुण्यात धायरी, वारजे, हडपसरकडे परसात कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की आहे: अळ्या-किडे चारले की अंड्यातला बलक गडद केशरी होतो. खरं तर त्यात किड्यांचा वाटा थोडाच. हा रंग झँथोफिल नावाच्या रंगद्रव्यांचा, आणि ती मुख्यतः मिळतात पिवळ्या मक्यातून, मेथी-शेवग्याच्या पाल्यातून, झेंडूच्या पाकळ्यांतून. मोकळी फिरणारी कोंबडी किड्यांबरोबर हिरवा पालाही टिपते. श्रेय मात्र किड्यांना मिळतं.

किडे जरूर द्या, पण प्रथिनांसाठी. सोसायटीच्या कंपोस्टमध्ये वळवळणाऱ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळ्या वाळवल्या की त्यांत सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, शिवाय कॅल्शियमही. किळस येऊन लोक त्या फेकून देतात, याचं खरंच वाईट वाटतं. तरी हा वरचा खाऊ; एकूण आहाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण ४ ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवाच.

मेलेल्या प्राण्यावरच्या अळ्या मात्र चुकूनही देऊ नका. त्यांतून बोट्युलिझमचं (जिवाणूंमुळे होणाऱ्या विषबाधेचं) विष पोटात जातं, मान लुळी पडते आणि कोंबडी दगावते. कीटकनाशक फवारलेल्या बागेतले किडेही नकोत.