‘सोलापूर’ किती बाइटांचं?

कापड घेताना सोलापूरकर आधी पन्हा विचारतो. ‘वाइड कॅरेक्टर’चा, म्हणजे एका बाइटापेक्षा रुंद अक्षरप्रकाराचा, पन्हा मात्र कुणी विचारत नाही. सी भाषेतला हा डब्ल्यूचार-टी (wchar_t) प्रकार विंडोजवर 2 बाइटांचा असतो, लिनक्सवर 4 बाइटांचा.

समजा, चादरींच्या दुकानाचं बिल पायथनमध्ये बनतं आणि लेबल छापायचं काम सीमधली शेअर्ड लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार फंक्शनांचा संच, करते. दोघांमध्ये मजकूर जात नाही, जातो फक्त मेमरीतला पत्ता. तिथले बाइट कसे वाचायचे, हे त्या पत्त्यावर लिहिलेलं नसतं.

‘सोलापूर’ डोळ्यांना चार अक्षरांचं. काना-मात्रा वेगळ्या धरणाऱ्या युनिकोडला सात चिन्हांचं. यूटीएफ-8 या बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत त्याचे 21 बाइट, विंडोजच्या वाइडमध्ये 14, लिनक्सच्या वाइडमध्ये 28. मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याचे अनुक्रमे 1, 2, 4 वेगळे.

सीटाइप्समध्ये (पायथनमधून सीची फंक्शनं बोलावणारं मॉड्यूल) आर्गटाइप्स, म्हणजे फंक्शनला द्यायच्या गोष्टींचे प्रकार, जाहीर केले नाहीत, तर पायथन स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, वाइड म्हणूनच धाडतो. पलीकडचं फंक्शन साध्या, एका बाइटाच्या char प्रकाराची वाट पाहत असेल, तर विंडोजवर लेबलवर उमटतं 8 K 2 > * B 0, मध्ये टॅबच्या फटी. कारण ‘स’चा युनिकोड क्रमांक (सोळाच्या पायावरचा) 0938, मेमरीत आधी 38 येतो, म्हणजे आकडा 8, मग 09, म्हणजे टॅब. लिनक्सवर त्यापुढे लगेच शून्य बाइट येतो, म्हणून नुसता 8 छापून गाडी थांबते.

रेसटाइप, म्हणजे फंक्शनच्या उत्तराचा प्रकार, सांगायला विसरलात तर आणखी वाईट. सीटाइप्स उत्तराला 32 बिटांचा इंट (पूर्णांक) समजतो, 64 बिटांच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो आणि प्रोग्राम कोसळतो. रेसटाइप वाइड स्ट्रिंगचा दिला, तर पायथन मजकुराची नकल घेऊन मूळ पत्ता हरवतो. लायब्ररीने मॅलॉकने (मेमरी मागून घेणारं सीचं फंक्शन) घेतलेली जागा मग परत करता येत नाही, आणि दर लेबलागणिक मेमरी फुगते. म्हणून उत्तर व्हॉइड पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता, म्हणून घ्यावं, तिथला मजकूर सीटाइप्सच्या डब्ल्यूस्ट्रिंग-अ‍ॅटने वाचावा आणि पत्ता त्याच लायब्ररीच्या जागा मोकळी (फ्री) करणाऱ्या फंक्शनकडे परत द्यावा.

सी-शार्प भाषेची वाइड स्ट्रिंग लिनक्सवरही 2 बाइटांचीच राहते. तिथली सी लायब्ररी मग ‘स’ आणि ओकार जोडून एकच चिन्ह वाचते, जे युनिकोडमध्ये नाहीच.

दोन बाइटही सगळ्यांना पुरत नाहीत. 2014 साली युनिकोड 7.0मध्ये आलेल्या मोडीचं प्रत्येक चिन्ह विंडोजवर दोन घरं (एक घर म्हणजे एका वाइड कॅरेक्टरची जागा) अडवतं. त्यामुळे बफरची लांबी सांगताना ती घरांत आहे की बाइटांत, हे ठरलेलंच हवं: 64 घरांचा बफर विंडोजवर 128 बाइटांचा, लिनक्सवर 256 बाइटांचा.

नवी लायब्ररी लिहीत असाल, तर दोन भाषांच्या सीमेवर यूटीएफ-8 आणि बाइटांतली लांबी द्या. वाइड फक्त विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनांपुरतं ठेवा.