हक्क अठराव्या वर्षी, पण यादीत नाव कधी?

अठरा पूर्ण झाली की मतदार, असं सर्रास सांगितलं जातं. कायद्याने मात्र त्या वयाला एक तारीख जोडली आहे: अर्हता दिनांक. त्या दिवशी १८ पूर्ण हवीत. नवमतदार यादीबाहेर राहिले की तरुणांच्या उदासीनतेवर बोट ठेवलं जातं. या तारखेकडे फारसं कुणी पाहत नाही.

घटनेच्या कलम ३२६ मध्ये मुळात वयाची अट २१ होती. राजीव गांधी सरकारने ती खाली आणण्याचं विधेयक डिसेंबर १९८८ मध्ये संसदेत मंजूर करून घेतलं. काही राज्यांनी स्थानिक निवडणुकांसाठी १८ ची अट आधीच स्वीकारली आहे, आजचा तरुण शिकलेला आणि जाणता आहे, अशी कारणं विधेयकासोबत दिली होती. ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली. १९८४-८५ मध्ये सुमारे ४० कोटी असलेली मतदारसंख्या १९८९ च्या लोकसभेला ४९.८९ कोटींवर गेली. त्यात या नव्या वयोगटाचा वाटा मोठा होता.

वय उतरलं, पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातली तारीख तशीच राहिली: दरवर्षी १ जानेवारी. परिणाम बघा. २ जानेवारी २००१ ला जन्मलेली मुलगी २ जानेवारी २०१९ ला १८ ची झाली. अर्हता दिनांक एका दिवसाने हुकला. त्या एप्रिलमध्ये लोकसभा झाली, २१ ऑक्टोबरला विधानसभा झाली. दोन्हींत तिला मत नाही. लोकसभेसाठी तिचं पहिलं मत पडायला २०२४ उजाडलं, तेव्हा ती २३ ची होती.

दरम्यान मतदार-जागृतीच्या प्रचारावर भर वाढला. निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० ची, म्हणून २०११ पासून त्या दिवशी राष्ट्रीय मतदार दिवस साजरा होतो आणि नवमतदारांना समारंभात ओळखपत्रं दिली जातात. कॉलेजांत रांगोळ्या, शपथा, प्रभातफेऱ्या झाल्या. पण मार्चमध्ये अठरा झालेल्याला शपथ देऊन उपयोग काय, त्याचा अर्ज पुढच्या जानेवारीपर्यंत बसणारच नव्हता.

२०२१ च्या कायदादुरुस्तीने ही कोंडी फोडली. १ ऑगस्ट २०२२ पासून वर्षात चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. दरवर्षीच्या यादी-तपासणीतली (पुनरीक्षण) कच्ची, म्हणजे प्रारूप यादी लागली की १७ पूर्ण झालेल्यांनाही पुढच्या तिमाहीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. तरीही २०२४ च्या लोकसभेआधी १८-१९ वयाचे जेमतेम १.८४ कोटी मतदार देशभरातल्या यादीत होते.

अडतं ते नमुना ६ वर, म्हणजे नव्याने नाव नोंदवण्याच्या अर्जावर. फोटो, जन्मतारखेचा पुरावा (जन्मदाखला, दहावी-बारावीचं गुणपत्रक, आधार, पॅन यांपैकी एक), पत्त्याचा पुरावा आणि घरातल्या एका नातेवाइकाचा तपशील, एवढंच लागतं. गावाकडचा मुलगा पुण्यात वसतिगृहावर राहत असेल तर गाव किंवा वसतिगृह, यापैकी एकच पत्ता द्यायचा. वसतिगृहाचा दिल्यास प्राचार्यांच्या सहीचं पत्र जोडायचं. आधीच नाव असलेला माणूस घर बदलल्यावर पुन्हा नमुना ६ भरतो आणि दोन ठिकाणी नाव लागतं. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ आहे. दुबार नोंदणीला कायद्यात मनाई आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर टाकणं ही तर ठरलेली चूक. अर्जाचा संदर्भ क्रमांक त्याच्याकडे जातो, घरी येऊन पडताळणी करणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचा (बीएलओ) फोनही त्यालाच. बीएलओ पडताळणीला आला आणि दाराला कुलूप दिसलं, की अर्ज लटकतो. हरकतींसाठी सात दिवस ठेवलेले असतात, त्यानंतर मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. हे बहुतेकांना माहीतच नसतं. निवडणूक लागली की उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नवं नाव चढत नाही, आणि वर सांगितलेले सात दिवस धरले तर अर्ज त्याच्या दहा दिवस आधी तरी पडायला हवा. ओळखपत्र खिशात आहे म्हणून गाफील राहू नये. यादीत नाव असेल तर पर्यायी ओळखपत्रावर मत देता येतं. नाव नसेल तर कार्डाचा काही उपयोग नाही.

महापालिका, जिल्हा परिषदांचं गणित आणखी वेगळं. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरवलेल्या दिवशी जशी असेल तशी घेऊन ती प्रभागांत विभागतो. १५ जानेवारी २०२६ ला महाराष्ट्रातल्या महापालिकांचं मतदान झालं ते १ जुलै २०२५ च्या यादीवर. ऑगस्टमध्ये अठरा झालेला मुलगा विधानसभेसाठी १ ऑक्टोबरच्या तिमाहीत पात्र ठरला, पण आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडायला त्याला मत नव्हतं.