हेंडरसन, रिकी

(२५ डिसेंबर १९५८ – २० डिसेंबर २०२४). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू. लेफ्ट फील्डर (मैदानाच्या डाव्या बाजूचा क्षेत्ररक्षक) आणि बेस (धाव पूर्ण करताना क्रमाने गाठायचे चार थांबे) चोरण्यात आजवर कोणालाही न गाठता आलेला खेळाडू. क्रिकेटमध्ये ‘चोरटी धाव’ ही नुसती बोलण्याची रीत. बेसबॉलमध्ये चोरी नियमातच बसते. पिचर (गोलंदाज) चेंडू टाकू लागला की धावपटू ९० फुटांवरच्या पुढच्या बेसकडे सुटतो आणि फलंदाजामागे बसलेल्या कॅचरने फेकलेला चेंडू तिथे येण्याआधी बेस गाठतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, हेंडरसनने हे १,४०६ वेळा साधले. दुसऱ्या क्रमांकावरचा लू ब्रॉक ९३८ वर थांबला.

जन्म शिकागोत, रुग्णालयाच्या वाटेवर, मोटारीच्या मागच्या सीटवर. वाढला मात्र कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये आणि १९७९ मध्ये मेजर लीगमध्ये उतरला तोही ओकलंड अ‍ॅथलेटिक्सकडूनच. १९८२ च्या हंगामात त्याने १३० बेस चोरले. त्याच हंगामात तो ४२ वेळा पकडला गेला, हे कौतुकाच्या भरात राहून जाते.

नुसत्या पायांवर हे जमत नाही. बेस सोडून काही पावले पुढे, गुडघे वाकवून, लोंबत्या हातांची बोटे हलवत तो उभा राही, नजर पिचरवर. चेंडू फलंदाजाकडे जाणार की आपल्याला बाद करायला मागे वळणार, हे हेरले की सुसाट धाव, आणि शेवटी पोटावर घसरत बेसला हात. पण चोरी करायला आधी पहिल्या बेसवर पोचावे लागते. फलंदाजीला तो इतका वाकून उभा राही की पिचरला नेम धरायला जागाच उरत नसे. चार चेंडू चुकले की पहिला बेस फुकट; असे २,१९० ‘वॉक’ त्याने पदरात पाडून घेतले. त्याच्या २,२९५ धावांचा विक्रम चोऱ्यांपेक्षाही मोठा मानायला हवा, आणि त्यामागे वेगाइतकाच हा संयम आहे.

१ मे १९९१ रोजी ब्रॉकला मागे टाकताच त्याने तिसरा बेस जमिनीतून उपटून डोक्यावर उंच धरला आणि आज मीच सर्वश्रेष्ठ, असे माइकवरून सांगून टाकले. ब्रॉक तिथेच हजर होता. अनेकांना हा तोरा खुपला.

१९८९ आणि १९९३ मध्ये तो जागतिक मालिका जिंकणाऱ्या संघांत होता. १९९८ मध्ये, एकोणचाळिशीतही, ६६ बेस चोरून लीगमध्ये पहिला आला. एकूण नऊ संघांकडून खेळला. २००९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये टाय कॉब या जुन्या खेळाडूचा धावांचा विक्रम त्याने होमरन मारून मोडला. होमरनमध्ये चेंडू मैदानाबाहेर जातो, त्यामुळे रमतगमत परतले तरी चालते. हेंडरसन मात्र होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसवर, घसरतच आला.